शिवणयंत्रातला दोरा

आमच्या आळीतल्या एका वहिनींनी काही वर्षांपूर्वी एक जुने पायमशीन विकत घेतले. यजमान अंथरुणाला खिळलेले, पदरी दोन लहान मुले. जून जवळ आला होता आणि शाळेच्या गणवेशांचे चाळीस जोड शिवायचे काम त्यांच्या हाती आले होते. नेमके त्याच वेळी मशीन रुसून बसले. वरून पाहावे तर टीप बरी दिसे; कापड उलटे करावे तर खाली दोऱ्याचा नुसता गुंता. गुंता खाली, तेव्हा दोषही खालीच असणार, असे धरून त्या बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू कधी आवळीत, कधी सैल करीत. दुरुस्तीवाल्याने डबी बदलली, पैसे घेतले आणि वर सांगितले, ‘‘हे भंगारात घाला.’’ यात तीन आठवडे गेले. गणवेशांचे काम दुसरीकडे गेले ते गेलेच.

‘‘भाऊजी, तुम्ही पुस्तकं वाचता, एकदा बघा तरी,’’ असे त्या म्हणाल्या तेव्हा मला खरे म्हणजे हसू आले. मी इतिहासाचा प्राध्यापक. यंत्राचा आणि माझा संबंध सायकलीपुरता. पण पुस्तकेच पाहायची तर शिवणयंत्राचा इतिहास पाहू, असे म्हणून मी बसलो, आणि माझ्या ध्यानात आले की वहिनींना जी अडचण आली तीच अडचण सोडविण्यात त्या काळच्या यंत्र करणाऱ्यांनी सारे आयुष्य घालविले होते. आपल्याला वाटते, शिवणयंत्र म्हणजे सुई चालविणारे यंत्र. सुई वरखाली करणे हे त्यातले सोपे काम. कठीण काम आहे ते दोरा सांभाळण्याचे: केव्हा किती सोडायचा, आणि केव्हा किती ओढून घ्यायचा.

हाताने शिवताना आपण काय करतो ते पाहा. सुई कापडाच्या आरपार जाते, दुसऱ्या बाजूने आपण ती धरतो आणि मागोमाग सगळा दोरा ओढून घेतो. दोरा हातभर लांब असतो म्हणून हे जमते. यंत्राला रिळावरचा शेकडो हात दोरा दर टाक्याला कापडातून आरपार ओढता येणे शक्य नाही. म्हणजे सुई पुरती पलीकडे जाऊ द्यायची नाही. दोऱ्याचा फास तेवढा पलीकडे पोचवायचा आणि सुई परत आणायची. आता हा फास मागे निसटू नये म्हणून त्याला काहीतरी अडकवले पाहिजे. कशाने अडकवावा?

पहिले उत्तर तुमच्या घरातच आहे. धान्याच्या किंवा खताच्या पोत्याचे तोंड ज्या टाक्याने शिवलेले असते तो साखळी टाका. त्यात एक फास दुसऱ्या फासात अडकवलेला असतो. योग्य टोक सापडले की एका ओढीसरशी सर्रकन सगळी शिवण उसवते. पोत्याला हे सोयीचे, अंगरख्याला नव्हे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली पेटंट घेतले ते असल्याच टाक्याच्या यंत्राचे. त्याची सुई टोकाला आकडी असलेली, कशिद्याच्या सुईसारखी होती. पॅरिसमध्ये त्याच्या सुमारे ऐंशी यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जात. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांचा जमाव चालून आला आणि त्यांनी यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए १८५७ साली दारिद्र्यात वारला.

दुसरे उत्तर अमेरिकेत निघाले. न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३० नंतरच्या दोन-चार वर्षांत सुईचे नेढे मागून काढून टोकाशी आणले, आणि खालच्या फासातून दुसराच एक दोरा ओवला. हा दुसरा दोरा एका छोट्या धोट्यात भरलेला असे. मागावरचा धोटा ताण्याच्या सुतांमधून जातो, तसाच हा फासातून जाई. वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकले की टाका पक्का. तो एका ओढीने उसवत नाही. आपली आजची टीप ती हीच. हंटने मात्र तेव्हा पेटंट घेतले नाही. शिवणकामावर जगणाऱ्या बायकांचे काम जाईल असे मुलीने म्हटल्यावरून त्याने नाद सोडला, असे सांगतात.

मग आला एलायस हाउ. हाही गरीब, प्रकृतीने अधू. बायको रात्री जागून लोकांचे शिवण करी ते पाहून त्याने यंत्राचा ध्यास घेतला. १८४५ साली बॉस्टनमध्ये त्याने पाच चपळ शिवणकाम करणाऱ्या बायकांशी पैज लावली आणि प्रत्येकीची एकेक शिवण पुरी होण्याआधी आपल्या पाच पुऱ्या केल्या. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला पेटंट मिळाले. जाता जाता एक गोष्ट सांगतो. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, आणि सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून केले असे कारण सांगितले होते. त्या कथेतला नवरा शोभतो तो हाउ. सिंगरचा संसार फार वेगळ्या तऱ्हेचा होता; तो विषय इथे नको.

नेढे टोकाशी आणले एवढ्याने फास तयार होतो का? नाही. इथे एक सुंदर युक्ती आहे. मशीनची सुई हातात घ्या आणि उजेडात धरा. तिच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच दिसेल. खाली जाताना त्या बाजूचा दोरा खाचेत लपतो, कापडाला घासत नाही. दुसऱ्या अंगाला अशी लांब खाच नाही. तिथे दोरा सुई आणि कापड यांच्यामध्ये चेपला जातो. सुई अगदी तळाशी जाऊन किंचित वर सरकली की या बाजूचा दोरा कापडाने धरून ठेवल्यामुळे वर येत नाही, बाहेर फुगतो. तो फुगा म्हणजेच फास. धोट्याचे टोक नेमके त्या क्षणी त्यात शिरते. सुई उलटी बसवली की टाके का गळतात, याचे उत्तर यात आले. फुगा असतो, पण भलत्या अंगाला.

हाउच्या पाठोपाठ पुष्कळांनी यंत्रे केली. ब्लॉजेट आणि लेरो या दोघांच्या १८४९ च्या यंत्रात धोटा पुढेमागे न जाता घाण्याच्या बैलासारखा गोल फिरे. दिसायला झकास. पण दोरी वळणाऱ्याला यातली खोच लगेच कळेल: दर फेरीला दोऱ्याचा एकेक पीळ उलगडत जाई. पीळ गेला की दोऱ्याचा जोर गेला. तो तटातट तुटे. असली यंत्रे बॉस्टनच्या ज्या कारखान्यात दुरुस्तीला येत, तिथे १८५० साली आयझॅक सिंगर येऊन दाखल झाला. त्याने म्हटले, धोटा सरळ रेषेत पुढेमागे जाऊ द्या, सुई सरळ करा आणि उभी चालवा.

झीबर नावाच्या भागीदाराच्या चाळीस डॉलरवर, अकरा दिवसांत यंत्र उभे राहिले. आणि शिवेना! टाके सैल पडत. कारागीर एकेक करून निघून गेले. मध्यरात्री सिंगर आणि झीबर हताश होऊन मुक्कामाकडे निघाले, वाटेत फळ्यांच्या एका ढिगावर बसले. तिथे झीबरने सहज विचारले, सैल फास कापडाच्या कोणत्या बाजूला पडतात ते तू पाहिलेस का? सिंगरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुईच्या दोऱ्याला ताण द्यायचेच राहून गेले होते! दोघे माघारी फिरले, ताण बसवला, पाच टाके उत्तम पडले आणि दोरा तुटला. पण पाच टाके पुरे होते. ही हकीकत खुद्द सिंगरनेच पुढे सांगितलेली आहे. त्यात थोडे मीठमसाला असेलही. माणूस मुळात नट होता.

ताण म्हणजे काय, तर रस्सीखेच. वरचा दोरा गाठीला वर ओढतो, खालचा खाली. दोन्ही पक्ष सारखे असले तर गाठ कापडाच्या जाडीत मधोमध राहते आणि दोन्हीकडून टीप एकसारखी दिसते. वरच्या पक्षाने हात ढिले सोडले की गाठ खाली घसरते, आणि वरच्याच दोऱ्याचे फास खाली लोंबू लागतात. म्हणजे गुंता दिसतो खाली, पण गुन्हेगार असतो वर!

सिंगरचे पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चे. त्याच दिवशी ॲलन विल्सन या दुसऱ्या माणसालाही पेटंट मिळाले, आणि माझ्या मते दोघांत बुद्धिमान विल्सनच. तो म्हणाला, फासातून धोटा कशाला न्यायचा? दोऱ्याची बॉबिन जागच्या जागी ठेवू आणि फासच तिच्यावरून नेऊ. देवाच्या मूर्तीला हार घालावा तसा. फिरता आकडा फास पकडतो, मोठा करतो आणि चपट्या बॉबिनवरून पलीकडे सारतो. धोट्यासारखे दर टाक्याला थांबून माघारी फिरायला नको. म्हणून वेग वाढला, आवाज कमी झाला. आज तुमच्या मशीनखाली जी गोल बॉबिन दिसते तिचे मूळ या कल्पनेत आहे.

पण यातून नवी अडचण आली. अख्ख्या बॉबिनवरून जायचे तर फास चांगला मोठा हवा, त्याला काही इंच दोरा लागतो. टाक्यात मात्र त्यातला गव्हाच्या दाण्याएवढाच खर्ची पडतो. उरलेला सगळा परत वर ओढून घ्यायला हवा, आणि तो पुढचा टाका पडण्याच्या आत. जुन्या यंत्रांत दोरा सुईच्या दांड्याबरोबरच वरखाली होई. सुई वर निघाली की दोराही वर ओढला जाई. आणि आकड्याला तर नेमका त्याच वेळी जास्त दोरा हवा असे. एकाच वेळी द्या आणि घ्या, हे कसे जमावे? पुढे यावर तोडगा निघाला तो म्हणजे मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा, भोकाचा तो छोटा दांडा. कारागीर त्याला टेकअप म्हणतात. मशीनचे चाक हाताने सावकाश फिरवून पाहा: सुई वर निघाली तरी हा दांडा अजून खालीच रेंगाळतो, दोरा देत राहतो, फास बॉबिनवरून सुटला की झटकन वर जातो आणि सैल दोरा खेचून टाका आवळतो. चकत्यांजवळची ती केसासारखी बारीक तारेची स्प्रिंगही उगीच नाही. सुई कापडात शिरेपर्यंत ती दोरा किंचित ताणून धरते, नाहीतर सैल दोऱ्यावर सुईचे टोक बसेल.

या देण्याघेण्यात दोऱ्याचे काय होत असेल? त्याचा एकच भाग टाक्यात बसण्यापूर्वी वीस-पंचवीस वेळा तरी नेढ्यातून पुढेमागे घासला जातो. हाताच्या शिवणीला चालणारा तीन पेडी सुती दोरा हा जाच सोसेना. १८६० नंतरच्या दशकात क्लार्क घराण्याने सहा पेडी गुळगुळीत दोरा यंत्रासाठी म्हणून बाजारात आणला, तेव्हा सुती दोऱ्याने मशीन सुखाने चालू लागले. स्वस्तातला खरबरीत दोरा मशीनला घालून मग मशीनलाच शिव्या देणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आता वहिनींच्या मशीनकडे येऊ. मी त्यांना म्हटले, ‘‘वहिनी, वर तांबडा दोरा लावा आणि खाली पांढरा.’’ शिक्षक मंडळींनीही शिवणाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करावा. चार बोटे टीप घातली आणि कापड उलटे केले. गुंता सगळा तांबडा. पांढऱ्या दोऱ्याचा त्यात काही अपराध नव्हता. तीन आठवडे त्या निरपराध्याचा स्क्रू पिळीत होत्या.

‘‘दोरा ओवता कसा, ते दाखवा पाहू.’’ त्यांनी दाखवले. कापड दाबणारा पाय खाली टेकलेला, आणि दोरा चकत्यांवरून सुळकन पुढे. चकत्या पाय खाली असताना घट्ट मिटलेल्या असतात आणि पाय उचलला की उघडतात. मिटलेल्या चकत्यांच्या मध्ये दोरा जातच नव्हता. कडेवरून घसरत होता. ताण शून्य. पाय उचलून, दोरा चकत्यांत नीट बसवून, स्प्रिंगेतून आणि टेकअपच्या भोकातून नेऊन पुन्हा ओवला.

बॉबिनचा स्क्रू मात्र पिळून पिळून बिघडला होता, तो ठिकाणावर आणावा लागला. डबी दोऱ्याला टांगून धरायची. आपोआप घसरली तर सैल, झटका दिल्यावरही हलली नाही तर फार घट्ट. झटक्यासरशी दोन-तीन बोटे खाली येऊन थांबली की ठीक. ते करायला आम्हाला पाऊण तास लागला.

मग वहिनींनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर हातभर टीप घातली, उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटली. थोरल्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘‘जा गं, शाळेत विचारून ये, कुणाचे गणवेश राहिलेत का अजून.’’ सहा जोड राहिले होते.