जीप मूळपदावर आणताना

महाराष्ट्रात जुनी फोर-बाय-फोर जीप विकत घेतली की तिच्याबरोबर आधीच्या तीन-चार मालकांचे निर्णयही पदरात पडतात. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे कितीतरी वर्षं बनत राहिली. त्यातल्या काही आज हाती येतात तेव्हा पेट्रोल इंजिन जाऊन तिथे डिझेल बसलेलं असतं, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गायब असतो आणि टायर बॉडीबाहेर हातभर आलेले असतात. हे सगळं काढून टाकायची घाई सुटते. पण यातले बरेच बदल हौसेने झालेले नाहीत. कुठलं तरी दुखणं होतं, त्यावरचा तो उपाय आहे. बदल काढला आणि मूळ दुखणं तसंच राहिलं, तर गाडी आधीच्यापेक्षा वाईट होते.

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडावं. चासीवर ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचे नंबर जुळतात का, ते पाहावं. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आहे आणि बॉनेटखाली डिझेल, असं असेल तर तो प्रश्न गॅरेजचा नाही, आरटीओचा आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१मध्ये ‘विंटेज’ नोंदणी आणली. ती हवी असेल तर गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. तेव्हा जीप शेतावर न्यायची आहे की प्रदर्शनात मांडायची आहे, हे आधी ठरवा. पुढचा बराच खर्च त्यावर अवलंबून आहे.

३बीचं बॉनेट उंच का, तर तिच्या हरिकेन इंजिनामुळे. २.२ लिटरच्या या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे आधीच्या जीपच्या इंजिनापेक्षा ते उंच झालं आणि झाकण वर उचलावं लागलं. इंजिन बदलणाऱ्यांना ही उंची आयतीच मिळाली. पेट्रोलच्या भावाने कावलेल्या वडापवाल्याने त्यात डिझेल बसवलं, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कागदावर रीतसर चढलेलं, नीट बसलेलं डिझेल इंजिन असेल तर माझ्या मते ते राहू द्यावं. पण माउंटिंगसाठी चासीचा आडवा मेंबर गॅसने कापलेला असेल, तर तो आधी पूर्ववत झाला पाहिजे. जीपची चासी रस्त्यावर पीळ खाते आणि कापलेल्या जागेपासून तडा पुढे सरकतो.

पुढचा शाफ्ट नसेल तर तो कुणी का काढला, हे शोधावं. कधी कारण साधं असतं: डांबरी रस्त्यावर तो नुसताच फिरत राहतो, म्हणून डिझेल वाचवायला उतरवला. कधी मात्र खरी भानगड अॅक्सलमध्ये असते. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नाही. पुढच्या चाकांचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. दोन्हीकडच्या क्राउन-पिनियनचा रेशो एकच असेल तरच हे जमतं. मूळ रेशो ५.३८ आहे, म्हणजे क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला ८. मागचा अॅक्सल तुटल्यावर कुणी भंगारातून ४.८८चा टाकला असेल तर पुढे-मागे दहा टक्क्यांचा फरक पडतो. चिखलात टायर घसरतात म्हणून तो खपून जातो. कोरड्या रस्त्यावर मात्र चाकं एकमेकांशी भांडतात, सगळी ट्रान्समिशन पिळली जाते आणि दांडा जागचा हलत नाही. वैतागून कुणीतरी शाफ्टच काढतो.

रेशो ओळखायला काही उघडावं लागत नाही. मागचं एक चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो, म्हणून तो सोडावा लागतो आणि म्हणूनच दगडांची हयगय करू नये. गिअर न्यूट्रलला. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा, उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक अडवलेलं असलं की दुसरं दुप्पट फिरतं, त्यासाठी हे दोन फेरे. शाफ्ट पाच फेरे पुरे करून वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त गेला तर ५.३८. पाच फेरेही पुरे झाले नाहीत तर अॅक्सल दुसऱ्या गाडीचा. पुढेही हेच करा. फ्रीव्हीलिंग हब असतील तर आधी लॉक करा.

दुसरी गुंतागुंत पुढच्या पाट्यांची. डिझेल इंजिन जड, त्याने पुढचे पाटे बसले. कुणी एक पाटा वाढवला, तर गाडी दगडासारखी उडू लागली. पुढच्या मालकाला मोठे टायर हवे होते, म्हणून त्याने लांब शॅकल बसवले. या जीपचा शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांबला की पाट्याचं ते टोक खाली जातं, अॅक्सलचा माथा पुढे झुकतो आणि किंगपिनचा मागे असलेला कल, जो सुमारे ३ अंश हवा, कमी होतो. मग स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, खड्डा लागला की चाकं थरथरतात. त्यावर तिसऱ्याने स्टिअरिंग डँपर लावला. स्वेटर उसवताना शेवटचा टाका आधी सुटतो, तसं इथे डँपर आधी काढायचा, कारण तो असेपर्यंत खरा थरकाप हाताला कळत नाही. मग शॅकल मूळ लांबीचे, टायर मूळ मापाचे म्हणजे ६.००-१६ आणि सगळ्यात शेवटी पाटे, ते मात्र बॉनेटखाली राहणाऱ्या इंजिनाचं वजन धरून. एवढं करूनही चाकं थरथरत असतील तर किंगपिनचे बेअरिंग आणि बेल क्रँकचा बुश झिजलेला आहे. कदाचित सुरुवातीचं दुखणं तेच होतं आणि लोक वीस वर्षं भलतीकडेच औषध लावत आले.

वायरिंगवर वेळ घालवू नये. हॉर्न, टेप, निळे दिवे यांच्या टेप गुंडाळलेल्या वायरी मुळासकट काढून नवीन हार्नेस बांधावा. या जीपला मुळात इग्निशन, चार्जिंग, दिवे, हॉर्न आणि मोजके मीटर एवढंच लागतं. जुन्या जीपला ६ व्होल्टची बॅटरी होती. कुणी १२ व्होल्ट केली असेल तर परत ६ करण्याचा हट्ट मला कळत नाही. ब्रेकचंही तसंच. मूळ मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सिलिंडर कुणी बसवला असेल तर त्याचे आभार मानून तो ठेवावा.

पत्र्याचं काम सगळ्यात शेवटी. लोहचुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे आणि पुट्टीखाली बहुधा गंज.

रंगाआधी कच्च्या रस्त्यावर चाचणी घ्यावी. पुढचा दांडा टाका, फर्लांगभर सरळ चालवा, वेग कमी करून दांडा काढा. दोन बोटांनी सुटला तर ट्रान्समिशन मोकळी आहे. अडकला तर पुन्हा खडू घ्या, पण त्याआधी चारही टायरचा घेर फितीने मोजा.