जहाजं भंगारात गेली, विमानं बोगमाळोत राहिली

भारतीय नौदलाच्या दोन विमानवाहू नौका आजवर निवृत्त झाल्या आणि दोन्ही तोडल्या गेल्या. विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी सेवेतून उतरली. मुंबईत काही वर्षं ती संग्रहालय म्हणून उभी होती. 2012 मध्ये धोकादायक ठरवून तिच्यावर लोकांना जाऊ देणं थांबलं आणि 2014 मध्ये 60 कोटी रुपयांना ती भंगारात विकली गेली. विराट 2017 मध्ये निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ उभी करून संग्रहालय करायचं, असा 852 कोटींचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2018 मध्ये मंजूरही केला होता. 2020 मध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला गेली.

या नौकांवरून उडालेली विमानं मात्र आहेत. गोव्यात वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना, दाबोळी विमानतळाच्या अगदी शेजारी, नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. ऑक्टोबर 1998 मध्ये ते सुरू झालं. आमच्या यवतमाळहून गोव्याला जाणारी मंडळी कळंगुट, जुन्या गोव्याची चर्चं, मंगेशी पाहून परत फिरतात. या फाटकाशी गाडी थांबवणारे थोडेच.

आत शिरलं की उघड्या मैदानात विमानं ओळीने उभी दिसतात. त्यात शॉर्ट सीलँड हे छोटं, जमिनीवर आणि पाण्यावरही उतरणारं विमान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याचा खालचा भाग होडीसारखा आहे. 1953 मध्ये कोचीला आलेल्या सीलँडपासूनच आपल्या नौदलाची हवाई शाखा सुरू झाली. त्याच वर्षी 11 मे रोजी कोचीला ‘गरुड’ हा नौदलाचा हवाई तळ सुरू झाला. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झालेल्या देशाने समुद्रावर उडायला कुठल्या यंत्रापासून सुरुवात केली, ते इथे हाताच्या अंतरावरून पाहता येतं.

पुढे सी हॉक आणि अलिझे. हे दोघं विक्रांतचे सोबती. जमिनीवरच्या विमानाला लांबलचक धावपट्टी मिळते, नौकेवर ती फार आखूड. म्हणून विक्रांतवर वाफेच्या दाबाने चालणारा कॅटापल्ट होता. जोंधळ्याच्या राखणीला बसलेला माणूस गोफणीतून दगड सोडतो, तसं ते यंत्र विमानाला डेकच्या टोकावरून भिरकावून द्यायचं. परत येणं त्याहून अवघड. विमानाच्या शेपटीखाली एक मजबूत आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एखादीत तो अडकला तरच विमान थांबतं. हुकला तर वैमानिकाने त्याच वेगात पुन्हा उडायचं. सी हॉकजवळ गेलात तर वाकून हा आकडा जरूर शोधा. 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी विक्रांतवर असे उतरले, तसं करणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता आणि तिचा वेग कमी झाला होता. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, म्हणजे विमान उडवणं अधिक जोखमीचं. तरी 4 डिसेंबरला सी हॉक उडाले आणि त्यांनी कॉक्स बाजार व चितगावच्या बंदरांवर मारा केला. तिकडे पश्चिमेला 10 डिसेंबरला एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. त्यातले तिघेही परतले नाहीत. अलिझेच्या पोटात रडारचा घुमट आहे. पाणबुडी शोधताना तो खाली सोडायचे. त्या विमानापाशी उभं राहिलं की तिघे त्यात किती दाटीने बसत असतील, ते कळतं.

मैदानातलं सगळ्यात देखणं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंखे, शेपटीला तीन उभे पंख. एअर इंडियाची ही प्रवासी विमानं हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये नौदलाने ती समुद्रावर गस्तीसाठी घेतली. शिवाय सी हॅरियर आहे, इंजिनाचा झोत खाली वळवून जागच्या जागी उतरणारं. ते 1983 ते 2016 सेवेत होतं. आतल्या दालनांत शस्त्रं, छायाचित्रं आणि नौकांच्या प्रतिकृती आहेत.

असा ठेवा दुसरीकडे कसा जपतात तेही पाहू. स्वीडनमध्ये कार्ल्सक्रोना नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. 1680 मध्ये ते नौदलासाठीच वसवलं गेलं. तिथल्या राजाने 1752 मध्ये जहाजांच्या प्रतिकृती जमवायला सांगितलं आणि त्या संग्रहातून आजचं नौदल संग्रहालय वाढलं. तिथे ‘नेप्चुन’ ही अख्खी पाणबुडी छपराखाली दालनात आणून ठेवली आहे आणि तिच्या शेजारी 1904 ची ‘हायेन’, त्या देशाची पहिली पाणबुडी. बोगमाळोचं संग्रहालय उघडलं त्याच 1998 मध्ये कार्ल्सक्रोनाचं नौदल बंदर जागतिक वारसा ठरलं. तो देश आपल्या एखाद्या मोठ्या राज्याएवढ्याही लोकसंख्येचा नाही. तेव्हा विक्रांत जपणं आपल्याला परवडलं नाही, हे मी मान्य करणार नाही. आपण ते मनावर घेतलं नाही.

बोगमाळोतली विमानंही वर्षानुवर्षं उघड्यावर आहेत. कोकणपट्टीचा पाऊस आणि खारा वारा धातूला सोडत नाही. निदान सीलँड आणि मैदानातल्याच फायरफ्लायसारख्या जुन्या विमानांवर छप्पर घालायला हवं. याला 852 कोटी लागत नाहीत.

यवतमाळपासून समुद्र दूर आहे खरा, पण आमच्या जिल्ह्याचा कापूस शकुंतला रेल्वेच्या डब्यांतून मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईच्या गोदीतून जहाजांनीच विलायतेला जात होता. तेव्हा समुद्राशी आपला संबंध नाही असं मानायचं कारण नाही. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या शाळांच्या सहली हिवाळ्यात गोव्याला जातात. त्यांच्या गुरुजींना आणि बाईंना माझं सांगणं एवढंच आहे: एक अर्धा दिवस किनाऱ्यातून काढा आणि मुलांना बोगमाळोला न्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.