कान निवडतो, मायक्रोफोन निवडत नाही

मंडळी, पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणाजवळ आपण कधी उभे राहिला आहात काय? दरवाजे उघडलेले असतात, मुठेत पाणी कोसळत असते, रस्त्यावर मोटारी वाजत असतात, कणसे भाजणारी बाई गिऱ्हाइकाला हाक मारीत असते. एवढ्या गलबल्यातही शेजारचा माणूस "चहा घेता का?" म्हणाला, की आपल्याला बरोबर ऐकू येते! कारण कान निवड करतो. हवे ते घेतो, नको ते मागे सारतो.

आता त्याच जागी मायक्रोफोन धरा आणि घरी येऊन ऐका. पाणीच पाणी! बाईची हाक त्यात बुडून गेलेली. यंत्र काही बिघडलेले नाही. त्याला निवड करता येत नाही, एवढेच. ती निवड ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आधी करायची असते. म्हणून तो हाताशी निरनिराळे मायक्रोफोन ठेवतो.

त्यांतला माझा सर्वांत लाडका म्हणजे रिबन मायक्रोफोन. १९३० नंतर कित्येक वर्षे रेडिओच्या स्टुडिओत त्याचा मोठा मान होता. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये अॅल्युमिनियमची एक फीत टांगलेली असते, आपल्या केसाहून कितीतरी पातळ. आवाजाने हवा हलली की फीत हलते आणि तिच्यात बारीकसा विद्युत्प्रवाह उमटतो. याचा आवाज कसा म्हणाल? सायीच्या दह्यासारखा, मऊ आणि भरलेला. 'स' आणि 'श' कानाला टोचत नाहीत. जवळ जाऊन बोलले तर आवाजाला घुमारा चढतो. शिवाय तो पुढचे आणि मागचे ऐकतो, दोन्ही बाजूंचे जवळजवळ ऐकतच नाही. त्यामुळे समोरासमोर बसलेल्या दोघांचा संवाद एकाच मायक्रोफोनवर घेता येतो.

पण हा लाडका घरकोंबडा आहे बरे का! वाऱ्याच्या झोताने फीत ताणली जाते, तुटतेसुद्धा. धरणावर त्याचे काम नाही. तिथे न्यावा मूव्हिंग कॉइल मायक्रोफोन. त्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकात मागेपुढे हलते. आवाज थोडा रोखठोक, नाजूक कंगोरे कमी. पण गडी काटक. एकाच दिशेचे ऐकणारा घ्यावा, स्पंजची टोपी घालावी, पाठ पाण्याकडे आणि तोंड बाईकडे करावे. मग दोन पावले पुढे व्हावे. अंतर निम्मे झाले की तिच्या आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो. लांबचे पाणी मात्र होते तेवढेच राहते.

आता कोणी म्हणेल, "आम्हांला याचा काय उपयोग?" उपयोग आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक बायांच्या स्वतःच्या गळ्यातून ध्वनिमुद्रित केल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. आज ज्या आजींना ओव्या येतात, त्यांच्या मागे त्या कोण म्हणणार?

गुरुजी, बाई, आपल्या खिशात मोबाईल आहे. त्यातला चिमुकला मायक्रोफोन बहुधा चहूकडचे ऐकतो. म्हणून पंखा बंद करा. रिकामी, घुमणारी खोली नको; भिंतीला दोन-चार गोधड्या टांगा, गोधडी घुमण्याचा आवाज पिऊन टाकते. मोबाईल आजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'भ'चे फुंकर त्यावर आपटणार नाहीत. आधी मिनिटभर ध्वनिमुद्रण करून ऐका, मगच पुढे जा. शेवटी गाव, तारीख आणि आजींची हरकत नसेल तर त्यांचे नाव त्यांनाच सांगू द्या.

आणि एक. जाते चालू असेल तर त्याची घरघर पुसून टाकू नका. तिच्या लयीवरच ओवी उभी असते. शब्द नीट कळावेत आणि मागे जाते फिरत राहावे, एवढे साधले की झाले. धरणावर पाणी मागे सारायचे, पण घरात जाते राखायचे. ही निवड यंत्र करणार नाही. ती आपण करायची आहे.