कढीलिंबावरचे पाहुणे

मित्रांनो, सबमिशन, व्हायवा आणि मेसची पातळ डाळ यापलीकडेही जग असतं, हे मला माझ्या चार वर्षांच्या भाचीने शिकवलं.

दिवाळीच्या सुट्टीत रोह्याला घरी होतो. ताईही लेकीला घेऊन पेणहून आली होती. परसातल्या कढीलिंबाच्या पानावर भाचीला पक्ष्याची शीट दिसली. आणि ती शीट चक्क चालायला लागली! ती होती लिंबू फुलपाखराची अळी. लहानपणी ती शिटेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांपासून वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. शोधल्यावर आणखी दोन सापडल्या.

अळ्या पाळणं सोपं आहे. रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाला कागद घाला, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. आत एक काडी उभी ठेवा. रोज ताजी पानं द्या आणि कागद बदला. अळीला बोटाने उचलू नका, पानासकट हलवा. बरणी उन्हात नको. खाणं मात्र त्याच कुळातलं हवं. कढीलिंब आणि लिंबू एकाच कुळातले. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्ल्यू मॉरमॉनच्या अळ्याही याच कुळावर वाढतात. रुईवरच्या अळ्यांना मात्र रुईच लागते.

सुट्टी संपली. तिन्ही अळ्या भाचीच्या मांडीवर बसून गाडीने पेणला गेल्या, मी हॉस्टेलवर आलो. आठवड्याने फोन आला, "मामा, दोघी उठतच नाहीत."

घरून नेलेली पानं संपल्यावर ताईने बाजारातली जुडी घातली होती. त्यावर फवारणीचा अंश असणार. आपण चार पानं फोडणीत टाकतो, अळीचं तर तेच सगळं जेवण! सगळ्या सूचना देणारा मी नेमकी हीच विसरलो होतो. ताई मागून हळूच म्हणाली, "उडून गेल्या म्हणून सांग रे." पण मला ते जमेना. म्हटलं, "बाळा, त्या मेल्या. पानांना औषध होतं. चूक मामाची."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "मग तिसरीला काय द्यायचं?"

शेजाऱ्यांकडे न फवारलेलं लिंबाचं झाड होतं. तिसरी त्यावर वाढली, काडीवर चढली, रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेतलं आणि कोष झाली. कोष पानांत असेल तर बहुधा हिरवा होतो, काडीवर तपकिरी. हा तपकिरी होता. भाची पडली पेणची, गणपतीचे कारखाने बघत वाढलेली. तिने विचारलं, "हिला रंग कोण देणार?" मी म्हटलं, "थांब आणि बघ."

साधारण आठ-दहा दिवसांनी कोष गडद झाला आणि आतली नक्षी बाहेरून दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. अशा वेळी हात लावायचा नाही. पंख ओले, चुरगळलेले असतात. अंगातला द्रव पंखांत भरला की ते पसरतात, मग सुकतात. त्यासाठी लटकायला जागा हवी, म्हणूनच ती काडी. उडायला लागलं की लगेच सोडून द्यायचं.

माझा व्हायवा होता, त्यामुळे मला बघता आलं नाही. फोनवर एवढंच ऐकलं, "मामा, रंग आतच झाला होता!"

तेव्हा दोस्तहो, पुढच्या सुट्टीत घरचा कढीलिंब जरा निरखून बघा. सोबत एखादं लहान मूल असू द्या. आणि पानं बाजारातली नकोत.