संखवाळकर आणि झहीर: सन्मान तेच, प्रसिद्धी वेगळी

ब्रह्मानंद संखवाळकर हे गोव्याचे गोलरक्षक आणि भारतीय फुटबॉल संघाचे माजी कर्णधार. १९८३-८४ मध्ये गोव्याने संतोष करंडक जिंकला, तोही स्पर्धेत एकही गोल न खाता. तेव्हा ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच गोलजाळ्यासमोर संखवाळकरच उभे होते. त्यांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पद्मश्री मात्र २०२२ मध्ये, पासष्टी उलटल्यावर.

हेच दोन्ही सन्मान श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान यालाही मिळाले. त्याची पद्मश्री २०२० ची, निवृत्तीनंतर अवघ्या पाच वर्षांत. त्याच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात झहीर घरोघरी ठाऊक. संखवाळकरांची ओळख मात्र करून द्यावी लागते. गोलरक्षकाचा चुकलेला चेंडूच लक्षात राहतो, अडवलेले शंभर विसरले जातात. गोव्यात मात्र त्यांना विसरलेले नाहीत.