ठोशाआधी घड्याळ

चेसबॉक्सिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक तमाशा उभा राहतो: दोन दांडगे गडी थोडा वेळ प्यादी सरकवल्यासारखं करतात आणि मग हातमोजे चढवून खरी मारामारी सुरू होते. पट आपला शोभेला. पण वर्ल्ड चेस बॉक्सिंग ऑर्गनायझेशन या संघटनेचे नियम पाहिले की हा समज टिकत नाही. लढत ११ फेऱ्यांची असते. त्यांतल्या ६ बुद्धिबळाच्या आणि ५ मुष्टियुद्धाच्या, आलटूनपालटून. सुरुवात पटावर आणि शेवटही पटावरच. आताच्या प्रचलित पद्धतीत फेरी ३ मिनिटांची आणि प्रत्येकाच्या बुद्धिबळाच्या घड्याळात ९ मिनिटं. सहा त्रिक अठरा, नऊ दुणे अठरा! म्हणजे ना नॉकआउट झाला ना मात, तरी शेवटच्या फेरीपर्यंत कुणाचं तरी घड्याळ रितं होणारच. मुष्टियुद्धाच्या गुणांची गरज पडते ती डाव बरोबरीत सुटला तरच. माझ्या मते संघटनेची खरी कारागिरी दोन खेळ एकत्र बांधण्यात नाही, या साध्या पाढ्यात आहे.

यावर कुणी म्हणेल, ठोशाला जबर असलेल्या गड्याने पटावर नुसता वेळ काढावा आणि पुढच्या फेरीत समोरच्याला आडवं करावं. ही पळवाट नियमांनी बुजवली आहे. मुद्दाम वेळकाढूपणा दिसला की पंच ताकीद देतात आणि १० सेकंदांत चाल करायला लावतात. उलट बाजूची शंकाही रास्त आहे: नुसता बुद्धिबळपटू रिंगणात उतरला तर तीन मिनिटं जगेल का? फार वेळ नाही जगणार. म्हणून दोन्हीकडे बरी तयारी असलेलेच इथे टिकतात. फेऱ्यांमध्ये मिनिटभराची विश्रांती असते. तेवढ्यात हातमोजे उतरतात, पण मनगटावरच्या पट्ट्या तशाच राहतात. छाती अजून धपापत असते, आणि त्याच हाताने घोडा उचलून नेमक्या घरात ठेवायचा असतो. प्रेक्षकांतून कुणी चाल ओरडून सांगू नये म्हणून कानांवर हेडफोन.

दुसरा गैरसमज संघटनेच्या नावातल्या ‘वर्ल्ड’ या शब्दाचा. तो ऐकून बुद्धिबळाच्या फिडेसारखी सर्वमान्य, एकमेव संस्था डोळ्यांपुढे येते. तसं काही नाही. फ्रान्समध्ये राहणाऱ्या एन्की बिलाल यांच्या १९९२च्या चित्रकथेत ही कल्पना होती. तिथे आधी पूर्ण मुष्टियुद्ध आणि मग बुद्धिबळ. डच कलावंत ईपे रुबिंग यांनी फेऱ्या आलटूनपालटून ठेवल्या, वर सांगितलेली संघटना उभी केली आणि २००३मध्ये ॲम्स्टरडॅमला झालेली पहिली जागतिक लढत स्वतःच जिंकली. घरचंच कार्य आणि आपणच मानकरी, असं म्हणायचा मोह होतो. पण ती लढत सुटली कशी, हे पाहण्याजोगं आहे: प्रतिस्पर्ध्याची बुद्धिबळाची वेळ संपली म्हणून. पुढे २०१३मध्ये लंडनच्या मंडळींनी वर्ल्ड चेसबॉक्सिंग असोसिएशन ही वेगळी संघटना काढली, त्यामुळे ‘जगज्जेता’ म्हटलं की कुणाचा, असा प्रश्न विचारावाच लागतो. भारतात २०११मध्ये कोलकात्यात या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली. ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ नाही.

आणि डावही बरोबरीत सुटला, मुष्टियुद्धाचे गुणही सारखेच निघाले तर? काळी मोहरी घेतलेला जिंकतो. पहिली चाल पांढऱ्याची होती ना.