वाळवंटात जायचंय, पण धाकट्याला विचारलंत का?

घरातलं कोणी कॉलेजला जायला लागलं की दोन कामं आपोआप त्याच्या नावावर चढतात. एक, आजीच्या मोबाइलमधले ‘सुप्रभात’चे फोटो डिलीट करून जागा करून देणं. दुसरं, फॅमिली ट्रिप ठरवणं. "तुला नेटवरचं सगळं कळतं, तूच बघ" असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. ट्रिप चांगली झाली तर ‘जागाच छान होती’, आणि फसली तर ‘हिने ठरवली होती’. तुमच्याकडेही हेच चालत असेल तर पुढचं वाचाच, कारण मागच्या दिवाळीत मी जैसलमेरची ट्रिप ठरवली होती आणि ती अर्धी फसवली होती.

आम्ही सात जण. आई-बाबा, काका-काकू, मी, दहावीतला भाऊ आणि आठवीतली चुलतबहीण. भावाचं दहावीचं वर्ष, त्यामुळे ‘जायचं की नाही’ इथूनच वाद होता. पण जूनमध्ये तो अकरावीला लातूरला जाणार हे घरात ठरलेलं होतं. नंतर सगळे एकत्र कधी निघणार, असं आईने एकदाच म्हटलं आणि वाद संपला. त्यामुळे ही ट्रिप चांगली व्हायलाच हवी असं एक ओझं माझ्या डोक्यावर होतं. त्या ओझ्यापायी मी काय केलं? एक्सेल शीट. सकाळी सात ते रात्री अकरा, प्रत्येक तासाला काहीतरी. दोन टीनएजर्स सोबत आहेत, बोअर होता कामा नयेत म्हणून उंट, जीप, डान्स, पूल, सगळं असलेलं सम इथलं रिसॉर्ट मी निवडलं. ज्यांच्यासाठी निवडलं त्या दोघांना मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

आधी थोडं भूगोलाचं, म्हणजे तुमची शीट तरी बरी होईल. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम. वाळूच्या उंच टेकड्या, त्यांना तिकडे धोरे म्हणतात, आणि रस्त्याच्या कडेने एकाला एक लागून रिसॉर्ट्स आणि टेंट कॅम्प. शहराच्या नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर खुरी. तिथे गाव आधी आणि मुक्कामाच्या झोपड्या नंतर. गर्दी कमी, सोयीही कमी. मुंबईकडून जायचं तर वांद्र्याहून रेल्वेने जोधपूर गाठायचं, पुढे रस्त्याने साधारण पाच तास. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा दिवाळीला जायचं असेल तर कॅलेंडरवर आजच खूण करा.

जोधपूरला एक दिवस जरूर ठेवा. माझ्या शीटमधला हा एकच दिवस पूर्णपणे जमला, आणि तोही अपघाताने. मेहरानगड राव जोधांनी १४५९ मध्ये बांधायला घेतला वगैरे मी गाडीत वाचून दाखवत होते. मागच्या सीटवर शांतता. मग मी म्हटलं, ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये ब्रूस वेन त्या खोल विहिरीतून बाहेर येतो ना, तेव्हा मागे दिसणारा किल्ला हाच. भावाने दोन्ही कानांतले इअरबड्स काढले. किल्ल्यावर झिपलाइनही आहे, त्यामुळे चुलतबहिणीचीही सोय झाली. इतिहास सांगू नका असं मी म्हणत नाहीये. पण दार कुठलं उघडं आहे ते आधी बघा.

आता सम. रिसॉर्टच्या फोटोत निळाशार पूल होता. प्रत्यक्षात तो रिकामा होता आणि तळाशी वाळूचा थर होता. नाव लिहीत नाही, पण चूक माझीही आहे. बुकिंगच्या आधी फोन करून विचारायला हवं होतं की पूल सुरू आहे का, टेंटपासून धोरे चालत जाण्याइतके जवळ आहेत की गाडी लागते, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, आणि रात्री डीजे कधी थांबतो. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वाळवंटातली शांतता अनुभवायला आपण हजार किलोमीटर जातो आणि चार कॅम्पचे चार स्पीकर एकमेकांवर आदळत असतात.

पॅकेजचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखंच. दुपारी पोहोचा, चहा, मग उंट, मग जीप, सूर्यास्त, कार्यक्रम, जेवण, सकाळी नाश्ता करून दहाच्या आत बाहेर. उंटावर बसताना एक लक्षात ठेवा. तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण पुढे फेकले जातो. तेव्हा मागे झुकायचं. काकूंना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांची किंकाळी अजूनही आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरते. जीपमध्ये मागे उभं राहून दांडा धरायचा, ड्रायव्हर तिरकस उतारावरून गाडी सोडतो. चुलतबहिणीला हे इतकं आवडलं की ती दोनदा गेली. पॅरासेलिंगवाल्याकडे हेल्मेट दिसलं नाही, तेव्हा मी नाही म्हटलं आणि त्यावरून तिने अर्धा तास अबोला धरला. धरू द्या. सगळ्याच बाबतीत धाकट्यांचं ऐकायचं नसतं.

भाऊ मात्र उंटावरून उतरला, जीपला नाही म्हणाला, आणि टेंटमध्ये जाऊन मोबाइल घेऊन पडला. बाबा दोनदा बोलवायला गेले. तिसऱ्यांदा ते जरा जोरात म्हणाले, "एवढा खर्च करून आणलंय तुला." टेंटच्या कापडातून सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेर ‘घूमर’ चाललं होतं. कोणीतरी बाबांना हात धरून नाचायला नेलं आणि ते नाचलेही, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी एक्सेल शीट बंद केली आणि दोघांना विचारलं, आज काय करायचं? चुलतबहीण लगेच म्हणाली, भुताचं गाव. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काहीच नको. म्हणजे, काहीच नसेल असं कुठेतरी." मला आधी रागच आला. पण खुरीला फोन केला, दोन झोपड्या रिकाम्या मिळाल्या.

भुताचं गाव म्हणजे कुलधरा. जैसलमेर-सम वाटेवरच थोडं आत आहे, परतताना थांबता येतं. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास हे गाव सोडलं. दिवाण सालिमसिंहाची गावातल्या मुलीवर नजर गेली म्हणून सगळं गाव एका रात्रीत निघून गेलं, ही तिथली दंतकथा. पाणी आटत गेलं आणि करांचा जाच वाढला, हे जास्त पटणारं कारण. चुलतबहिणीला दंतकथाच हवी होती, तिने ती काकूंना दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा थोडी वाढवून. छपरं नसलेल्या घरांच्या रांगा, सरळ गल्ल्या, आणि भर दुपारीही ओळखीच्या माणसाचा हात धरावासा वाटतो.

काकांना तनोट आणि लोंगेवाला करायचंच होतं. १९७१ च्या ४ आणि ५ डिसेंबरला मेजर कुलदीपसिंह चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर पाकिस्तानी रणगाडे रोखून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली, ती ही जागा. पण तनोट जैसलमेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. घरातल्या टीनएजरला ‘बॉर्डर’ आवडत असेल तर नक्की न्या, नाहीतर मोठ्यांना पाठवा आणि तुम्ही धाकट्यांना घेऊन सोनार किल्ल्यात भटका. ११५६ सालचा हा किल्ला, आणि आतमध्ये आजही लोक राहतात. बुरुजाखालून स्कूटर जाते, बाजूला कोणाचे तरी कपडे वाळत असतात. आम्ही तेच केलं, आणि किल्ल्यात गच्चीवर बसून लस्सी पिताना भावाने त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोललं. (वाक्य होतं, "अजून एक सांगू?")

पक्ष्यांची आवड असेल तर समजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य आपण ज्याच्यासाठी राखलं आणि जो आता आपल्याकडे जवळपास दिसेनासा झालाय, तोच. उडताना विजेच्या तारांवर आपटून हे पक्षी मरतात, त्यावर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. आम्हाला माळढोक दिसला नाही. चिंकारा दिसले, भरपूर.

संध्याकाळी खुरीला पोहोचलो. मातीच्या भिंती, बाजल्या, आणि झोपडीमागे चालत पाच मिनिटांवर धोरे. मोबाइलला रेंज येत-जात होती. मला धास्ती वाटली की आता भाऊ आणखी चिडेल. तो चपला काढून सरळ वाळूत चालायला लागला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. आई अस्वस्थ. झोपडीवाल्या काकांनी सांगितलं, एकच टेकडी ओलांडायची आणि दिवा दिसत राहील इतकंच लांब जायचं, एवढं बजावून ठेवा, मग सोडा. हा नियम तुम्हीही लिहून घ्या. सोबत टॉर्च आणि पाण्याची बाटली.

जेवणाआधी शेकोटीशी मांगणियार गायक आले. मामे खान यांचं कोक स्टुडिओतलं ‘चौधरी’ तुमच्यापैकी अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये असेल, ते याच समाजाचे. गाणाऱ्यांसोबत भावाच्याच वयाचा एक मुलगा खडताल वाजवत होता. शिसवीच्या चार फळ्या, दोन एका हातात, दोन दुसऱ्यात, बांधलेलं काही नाही, नुसत्या बोटांनी धरायच्या. माझा भाऊ शाळेत बाकावर ताल धरतो म्हणून कैकदा वर्गाबाहेर उभा राहिलाय. गाणी संपल्यावर तो त्या मुलाजवळ जाऊन बसला. फळ्या पहिल्यांदा पडल्या, दुसऱ्यांदा पडल्या. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती आणि तासभर दोघं हसत होते. यातलं काहीही पॅकेजमध्ये नव्हतं.

आता एक गोष्ट जी मला आधी माहीत असती तर मी मुद्दाम ठरवली असती. भाऊबीज म्हणजे शुक्ल पक्षातली द्वितीया. तिच्यानंतर दोन-तीन दिवसांनी वाळवंटात असाल तर चंद्र नऊच्या सुमारास मावळतो आणि पुढची रात्र पूर्ण काळी मिळते. पॅकेजवाले पौर्णिमा विकतात, फोटो छान येतात म्हणून. तारे बघायचे असतील तर पौर्णिमा टाळा. अकरानंतर पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, बाराच्या सुमारास क्षितिजाच्या कडेवर व्याध दिसतो. वाळू तापते लवकर आणि निवतेही लवकर, त्यामुळे दुपारी घाम काढणारी जागा रात्री शाल मागते. डिसेंबरमध्ये गेलात तर स्वेटर, टोपी, मोजे, सगळंच लागेल.

बाबा आणि भाऊ टेकडीवर आडवे पडले होते. मी थोडी खाली होते, आईसाठी चादर आणायला निघाले होते. बाबा विचारत होते, "लातूरला जायचंय ना तुला?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग भाऊ म्हणाला, "जायचंय. पण मला कोणी विचारलंच नव्हतं."

बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी चादर घेऊन परत आले तेव्हा दोघं वाद घालत होते, पण तो वाद व्याध कुठला यावर होता.

राहिलेलं पटापट सांगते. मोबाइलसाठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी न्या, चार्जिंगच्या भोकात वाळू गेली की संपलं. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर तिथे चष्माच लावा. सूर्योदय दिवाळीच्या सुमारास पावणेसातच्या पुढेमागे असतो, म्हणजे पहाटे चारला कोणालाही उठवायची गरज नाही. दोन मुक्काम असतील तर एक समला, एक खुरीला ठेवा, कारण जीपवर दोनदा जाणारी चुलतबहीणही तुमच्या घरात असेलच. आणि शीट बनवाच, फक्त तिच्यात रोज दुपारनंतरचे दोन-तीन तास रिकामे सोडा.

भाऊ आता लातूरला आहे. खडतालची एक जोडी त्याने जैसलमेरच्या बाजारातून घेतली होती, ती हॉस्टेलच्या रूमवर आहे आणि रूममेटची तक्रारही आहे. यंदा दिवाळीला त्याला किती दिवस सुट्टी मिळेल ते अजून कळलेलं नाही. मी ग्रुपवर विचारलं, कुठे जायचं? काकांनी महाबळेश्वर लिहिलं, चुलतबहिणीने गोवा. त्याचं उत्तर रात्री साडेबाराला आलं. "खुरी. सम नको. ताई, अमावास्या कधी आहे बघ."